मुद्दलाला हात नाही

जुलैअखेर वेरूळला मामांकडे गेलं की ओसरीवर पासबुक उघडं असतं. मामांची सगळी नोकरी वाळूजच्या एमआयडीसीत गेली. निवृत्तीआधी त्यांनी बजाज ऑटोचे पंचवीस शेअर घेतले आणि आजवर त्यातला एकही विकलेला नाही. लाभांशाची नोंद सापडली की ते तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारतात. २०२१, २०२२, २०२३ ही तिन्ही वर्षं शेअरमागे १४० रुपये आले, म्हणजे साडेतीन हजार. २०२४ला ८० रुपयेच, दोन हजार. २०२५ला २१०, म्हणजे सव्वापाच हजार. ते पैसे अद्रकाच्या खताला जातात.

२०२४ला मी म्हटलं होतं, "मामा, लाभांश घटलाय आणि भाव चढलाय. विकून मोकळे व्हा ना."

"विहिरीवरच्या वावराचा भाव तू रोज विचारतो का रे? अद्रकाचा भाव पडला त्या साली वावर विकलं होतं का आपण?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन आकडे पाहिले, तेव्हा कळलं की त्याच वर्षी कंपनीने १०,००० रुपये भावाने ४,००० कोटींचे स्वतःचेच शेअर परत विकत घेतले होते. म्हणजे भागधारकांना द्यायचा पैसा दुसऱ्या वाटेनेही गेला होता. नुसता लाभांशाचा आकडा पाहून घाबरलो असतो तर चुकलो असतो.

मुद्दल तसंच ठेवून वाढ तेवढी खायची, ही मामांची रीत आपल्या मातीत जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला शिलालेख तिचा लेखी पुरावा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, कायमचे ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत मागायचं नाही. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज होतं २४० कार्षापण. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस! हा हिशेब जुळताना पाहिला की मला दर वेळी भरून येतं.

पण या ठेवीत एक उणीव होती. कापड महागलं तरी दोनशे चाळीसचे दोनशे चाळीसच राहणार. आपल्या मुदत ठेवीचंही तसंच आहे. लाभांशाला ठरलेला दर नाही, एखाद्या वर्षी तो येतही नाही. पण कंपनी सचोटीची असेल आणि तिचा धंदा वाढत असेल तर वर्षं सरतील तसा वाटाही वाढू शकतो. धीर धरायचा तो यासाठी.

या धीराचं एक उदाहरण बघा. वेरूळहून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, आणि पुढे अमळनेर. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. २००४च्या बोनस शेअरआधी ज्याच्याकडे तिचे शंभर शेअर होते आणि ज्याने ते नुसते सांभाळले, त्याच्याकडे २०२४च्या बोनसनंतर पाच हजार तीनशेच्या वर शेअर झाले. बोनसने कुणी श्रीमंत होत नाही, भाव त्या प्रमाणात उतरतो. खरी कमाई धंद्याच्या वाढीची, आणि ती पदरात पडली ती मधल्या पडझडीत न विकणाऱ्यांच्या.

मात्र वावर कधी शून्यावर येत नाही, कंपनी येऊ शकते. म्हणून सगळा पैसा एकाच ठिकाणी नको. भावाच्या मानाने लाभांश फार मोठा दिसला तर आधी बघावं की भाव कोसळल्यामुळे तर तो तसा दिसत नाही ना. कर्ज काढून लाभांश वाटणाऱ्या कंपनीच्या वाटेला मी तरी जाणार नाही. लाभांशासाठी ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी शेअर घेण्यातही हशील नाही, कारण दुसऱ्या दिवशी भाव साधारण तेवढाच उतरतो. शिवाय एप्रिल २०२०पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर कर आपल्यालाच भरावा लागतो.

घरच्यांना माहितीच नसली तर लाभांश पडून राहू शकतो. सात वर्षं कुणी न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो, आणि सलग सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअरही. हे मी सांगितल्यावर मामांनी पुढच्याच आठवड्यात शहरात जाऊन डिमॅट खात्याला मामींचं नाव नॉमिनी म्हणून लावलं. घरी येऊन मामींना शेजारी बसवलं, पेन्सिलीची रेघ दाखवली, आणि पासबुक सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायला त्यांच्याच हातात दिलं.