जुन्या रंधायंत्राची ओळख

अमेरिकेतील जुन्या लाकूड कारखान्यांतून निघालेली बिडाची अवजड यंत्रे आजही अधूनमधून विक्रीस येतात. रंग उडालेला, पट्टा तुटलेला, पात्यांवर गंज चढलेला. भंगार घेणारा त्यांची किंमत वजनावर ठरवितो. जाणकार मात्र यंत्र कोणी व केव्हा बनविले, याचा शोध आधी घेतो. लाकूड सपाट करणाऱ्या रंधायंत्राचे उदाहरण घेऊन हा शोध कसा चालतो ते पाहू.

प्रथम नजर जाते ती नामपट्टिकेकडे आणि बिडातच ओतलेल्या अक्षरांकडे. उत्पादकाचे नाव कालनिर्णयास साहाय्य करते. ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथील 'जे. ए. फे' आणि 'इगन' या दोन कंपन्या १८९३ मध्ये एकत्र आल्या. साहजिकच, ज्या यंत्रावर 'फे अँड इगन' असे जोडनाव आहे, ते त्या वर्षापूर्वीचे असू शकत नाही.

नावाखाली अनेकदा पेटंटची तारीख असते आणि नवखा तेथेच फसतो. ती तारीख यंत्राच्या निर्मितीची नसून कल्पनेला हक्क मिळाल्याची असते. तेच पेटंट वापरून यंत्रे पुढे अनेक वर्षे बनत राहत. तारखा एकाहून अधिक असल्यास सर्वांत अलीकडची तारीख तेवढी उपयोगी. यंत्र तिच्या आधीचे नाही, एवढे ती निश्चित सांगते. १८४२ च्या अमेरिकी कायद्याने वस्तूवर पेटंटची तारीख देणे आवश्यक केले होते. १९२७ पासून तिची जागा पेटंट क्रमांकाने घेतली. त्यामुळे केवळ तारीख असलेले यंत्र बहुधा त्याआधीचे असते.

पट्टिका हरवली असेल, तर रचना बोलते. आस फिरविणारी बेअरिंगे कथिल, अँटिमनी व तांबे यांचा मिश्रधातू ओतून केलेली असल्यास यंत्र जुन्या घडणीचे समजावे. आयझॅक बॅबिट यांनी या पद्धतीचे पेटंट १८३९ मध्ये घेतले. पुढे गोळ्यांची बेअरिंगे रूढ झाली. मोटर मात्र पुरावा म्हणून दुबळी; मूळचे पट्ट्यावर चालणारे यंत्र नंतर विजेवर घेतलेले असू शकते.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे पाती बसविलेला दंड. जुन्या यंत्रांत तो चौकोनी असे. दंड फिरताना त्याच्या कोपऱ्यांसाठी मेजाच्या कडेशी मोठी फट सोडावी लागे आणि हात घसरला तर बोटे थेट तिच्यात ओढली जात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आलेल्या गोल दंडाने ही फट अरुंद केली. म्हणून दंडाचा आकार यंत्राच्या वयाबरोबर त्याचा धोकाही सांगतो. चौकोनी दंडाचे यंत्र जपावे, पण ते चालविण्याचा मोह टाळावा.

खुणा जमल्या की पेटंटचे मूळ कागद पाहावेत. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचे जुने दस्तऐवज आता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असून, त्यांतील आराखडे प्रत्यक्ष भागांशी ताडून पाहता येतात. तोपर्यंत पट्टिका घासू नये आणि जुना रंग कोरडा खरवडू नये. त्यात शिसे असण्याची शक्यता असते.

 यंत्राच्या बाबतीत नाव, तारीख आणि घडण यांची साक्ष जुळली, तरच ओळख पक्की होते. अशी ओळख पटलेले यंत्र सहसा भट्टीत जात नाही.