झाकणभर खताचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोडावॉटरच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण आपण उघडतो आणि फेकून देतो. पश्चिम आफ्रिकेतील नायजेर, माली, बुर्किना फासो या देशांत मात्र हेच झाकण खत मोजण्याचे माप बनले. ते कसे, हे आज पाहू.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साहेल नावाचा कोरडवाहू पट्टा आहे. पाऊस जून ते सप्टेंबर, तोही बेभरवशाचा. जमीन रेताड आणि तिच्यात स्फुरद फारच कमी. मुख्य पीक बाजरी. आपण पाभरीने ओळीत पेरतो. तिकडे सुमारे मीटरभर अंतरावर लहान खड्डे करून प्रत्येकात थोडे थोडे बी टाकतात. आपण ज्याला टोकण म्हणतो, तीच ही पद्धत.

‘खत घाला’ हा सल्ला तिथल्या शेतकऱ्याने अनेकदा ऐकलेला आहे. पण या तिन्ही देशांना समुद्रकिनारा नाही. परदेशी बंदरात उतरलेले खत शेकडो किलोमीटर ट्रकने येते आणि महाग होते. मिळते तेही पन्नास किलोच्या पोत्यात. एवढे पैसे घालून पावसाने दगा दिला, तर खतही गेले आणि घरातले धान्यही. म्हणून तो खत घेतच नाही. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब चुकीचा नाही.

२००६ साली अबुजा येथे आफ्रिकी देशांनी खतवापर हेक्टरी ८ किलोवरून २०१५ पर्यंत ५० किलोवर नेण्याचे ठरवले. ती मुदत उलटली, उद्दिष्ट गाठता आले नाही. ठराव किलोंचा होता. शेतकऱ्याची अडचण मात्र पैसा आणि जोखीम ही होती.

हैदराबादजवळ पटनचेरू येथे मुख्यालय असलेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे एक केंद्र नायजेरची राजधानी नियामेजवळ आहे. तेथील शास्त्रज्ञांनी आणि सहकारी संस्थांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. जास्तीत जास्त पिकाला किती खत लागेल, हे बाजूला ठेवले. शेतकऱ्याला परवडेल तेवढ्या खतातून जास्तीत जास्त काय मिळेल, हे पाहिले.

उत्तर असे निघाले की खत शेतभर फेकू नये, बियाण्याच्या खड्ड्यातच द्यावे. मीटरभर अंतराने हेक्टरी दहा हजार खड्डे होतात. प्रत्येकी दोन ग्रॅम डीएपी, म्हणजे तीन बोटांची चिमूट, धरली तर हेक्टरी २० किलो पुरते. मिश्र खत असेल तर प्रत्येकी सहा ग्रॅम, म्हणजे झाकणभर. ते हेक्टरी ६० किलो होते.

एवढ्याशा खताने काय होते? स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. मुळाला त्याच्यापर्यंत जावे लागते. ते मुळाशीच असले की रोप सुरुवातीलाच जोर धरते, मुळे खोल जातात आणि पुढे पावसाने ओढ दिली तरी झाड तग धरते. फेकलेल्या खतातले बरेचसे तणाला मिळते. या तीन देशांतील चाचण्यांत ज्वारी-बाजरीचे उत्पादन ४४ ते १२० टक्क्यांनी वाढल्याचे नोंदले गेले.

पथ्येही आहेत. खत बियाण्याला चिकटले तर कोंब करपतो. खड्ड्या-खड्ड्यात खत घालायला मजुरी लागते. आणि चिमटीने जमिनीचे पोट भरत नाही. पीक वाढले की जमिनीतून उपसाही वाढतो. शेणखताची जोड दिली नाही, तर आजचा नफा उद्याच्या जमिनीतून काढल्यासारखे होईल.

आता पैशाचा प्रश्न. सुगीत भाव पडलेले असतात, तेव्हाच देणी भागवायला धान्य विकावे लागते. काही महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. यावर नायजेरमध्ये १९९९ पासून धान्य तारणाची पद्धत रुजवण्यात आली. गटाच्या कोठारात धान्य ठेवायचे आणि त्यावर कर्ज घ्यायचे. कोठाराला कुलपे दोन, एक गटाचे आणि दुसरे कर्ज देणाऱ्याचे. कर्जाच्या पैशातून कोणी भाजीपाला करतो, कोणी मेंढ्या पोसतो. भाव चढले की धान्य विकून कर्ज फेडायचे आणि पुढच्या हंगामाचे खत घ्यायचे. शेजारच्या दुकानात एक-दोन किलोची पाकिटे मिळू लागली, की पोत्याची अडचणही उरत नाही.

आपल्याला यातले काही अगदीच परके नाही. दोन चाड्यांच्या पाभरीने बी आणि खत एकाच वेळी, पण वेगवेगळे पेरणे, हे आपल्या कोरडवाहू शेतीतले तत्त्व तेच आहे. बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजनाही त्याच जातीची. मात्र सुगीच्या दिवसांत तारण न ठेवता पडत्या भावात माल विकणारे आपल्याकडेही थोडे नाहीत. खत किती घालायचे, याबरोबरच ते कुठे पडते आणि त्याचे पैसे कधी द्यावे लागतात, हेही विचारायला हवे. लहान शेतकऱ्याचे वर्ष बरे की वाईट, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.