दीपगृह, सूर्यास्त आणि १०८

पश्चिम किनाऱ्यावरच्या दीपगृहाचा सूर्यास्ताच्या वेळचा फोटो दोन तऱ्हांनी निघतो. फोटो काढणारा दीपगृह आणि समुद्र यांच्यामध्ये उभा राहिला, तर मावळतीचे तांबूस ऊन थेट मनोऱ्यावर पडते. भिंतीचा रंग, खिडक्या, वरचा काचेचा कंदील हे सगळे स्पष्ट दिसते. तो दीपगृहाच्या पूर्वेला, जमिनीच्या बाजूला उभा राहिला, तर सूर्य मनोऱ्यामागे जातो आणि मनोरा काळ्या छायाकृतीसारखा उरतो. पहिल्या फोटोत दीपगृहाचे रूप दिसते, दुसऱ्यात त्याचा आकार. दोन्हींमध्ये कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा उभे राहण्याची जागा आणि दिवस यांची निवड जास्त महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रात दुसऱ्या तऱ्हेच्या फोटोसाठी खांदेरीचे दीपगृह सोयीचे आहे. अलिबागजवळच्या थळ गावासमोर, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर हे बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू केले आणि त्यावरून मुंबईच्या इंग्रजांशी समुद्रात लढाई झाली. पुढे १८६७ मध्ये मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांसाठी बेटावर अष्टकोनी दीपगृह उभे राहिले. मनोऱ्याची उंची सुमारे २५ मीटर आहे. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे. बेट किनाऱ्याच्या पश्चिमेला असल्याने सूर्य त्याच्या मागे मावळताना किनाऱ्यावरूनच टिपता येतो.

मात्र सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. बरोबर पश्चिमेला तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास मावळतो. अलिबागच्या अक्षांशावर २१ जूनला मावळतीची जागा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे २५ अंश सरकलेली असते आणि २२ डिसेंबरला तितकीच दक्षिणेकडे. म्हणजे वर्षभरात ती क्षितिजावर सुमारे ५० अंशांची फेरी मारते. हात लांब करून मूठ धरली, तर तिची रुंदी सुमारे १० अंश भरते. एवढ्यावरून डोळ्यांनीच अंदाज बांधता येतो.

समुद्राकडे तोंड करून किनाऱ्याने डावीकडे, म्हणजे दक्षिणेला चालत गेले, की बेट क्षितिजावर उजवीकडे सरकल्यासारखे दिसते. उत्तरेला गेले, की डावीकडे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, सूर्य उजवीकडे मावळत असताना, थळच्या बाजूची दक्षिणेकडची जागा धरावी. नोव्हेंबर ते जानेवारीत सूर्य डावीकडे मावळतो, तेव्हा किहीमच्या बाजूने उत्तरेकडून पाहावे. आदल्या संध्याकाळी एकदा किनाऱ्यावर जाऊन सूर्य बेटाच्या कुठल्या बाजूला बुडाला हे पाहिले, की दुसऱ्या दिवशी किती सरकायचे ते कळते.

किती अंतरावर उभे राहायचे, याचे उत्तर १०८ या आकड्यात आहे. एखादी वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे १०८ पट लांब असली, की ती सूर्यबिंबाएवढी दिसते. जपमाळेतल्या मण्यांचीच ही संख्या, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपी. २५ मीटरचा मनोरा २,७०० मीटरवरून पाहिला, तर तो आणि सूर्य सारख्याच उंचीचे दिसतात. त्याहून जवळ गेले की मनोरा मोठा दिसतो, लांब गेले की सूर्य. थळच्या किनाऱ्यावरून अंतर चार-पाच किलोमीटर असल्याने सूर्यबिंब मनोऱ्याच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपटीहून थोडे जास्त दिसते. मनोरा बिंबाच्या आत मावतो, तो यामुळेच.

हाच आकडा लेन्स निवडतानाही उपयोगी पडतो. लेन्सचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला १०८ ने भागले, की सेन्सरवर पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेची रुंदी मिळते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने ती अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने ती सुमारे ३.७ मिलिमीटर होते. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर एवढा सूर्य ठसठशीत दिसतो. साध्या मोबाइलने काढलेल्या फोटोत सूर्य टिकलीएवढा येतो, त्याचे कारण हेच. मोबाइलवाल्याने म्हणून बिंबामागे न लागता आकाश, वाळू आणि पाणी यांचा मोठा पट घ्यावा.

वेळेचे गणितही आधी करावे लागते. खानदेशातल्या भडगावहून किनाऱ्यावर जाणाऱ्याने आपल्या गावची सूर्यास्ताची वेळ तशीच धरू नये. थळ भडगावच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला असल्याने तेथे सूर्य उशिरा मावळतो : जूनमध्ये पाच-सहा मिनिटांनी, डिसेंबरमध्ये सुमारे तेरा मिनिटांनी. क्षितिजाला टेकल्यापासून बिंब पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटे मिळतात. ट्रायपॉड लावणे, चौकट ठरवणे, फोकस पक्का करणे ही कामे त्याआधीच उरकलेली हवीत.

छायाकृतीसाठी उजेडाचे मोजमाप सूर्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर करावे, मनोऱ्यावर नव्हे. मनोऱ्यावर मोजले तर कॅमेरा त्याला उजळ करायला जातो आणि आकाश पांढरेफटक होते. आयएसओ १००, छिद्र एफ/८ आणि शटर आकाशाच्या उजेडाप्रमाणे, अशी सुरुवात करता येते. मोबाइलवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून ठेवायचे आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. मोठ्या लेन्सच्या आरशाच्या कॅमेऱ्यातून डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये, पाठीमागच्या पडद्यावरच पाहावे. लेन्स सूर्याचा उजेड एकवटते आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

सूर्य बुडाला म्हणजे काम संपले असे नाही. त्यानंतर सुमारे बावीस-चोवीस मिनिटे संधिप्रकाश चांगला असतो. उंचावरच्या विरळ ढगांना खालून ऊन लागते आणि आधी फिके वाटणारे आकाश लाल होते. याच वेळेला दीपगृहाचा दिवा आकाशाच्या उजेडाला जुळू लागतो. दीपगृहाचे भिंग सहसा काचेच्या अनेक कड्यांचे असते. फ्रान्सच्या फ्रेनेलने बनवलेले असे भिंग पहिल्यांदा १८२३ मध्ये कॉर्दुआँच्या दीपगृहात बसवले गेले. प्रत्येक दीपगृहाची लकाकण्याची लय ठरलेली असते आणि तिच्यावरूनच खलाशी ते ओळखतात. फोटो काढणाऱ्याने आधी घड्याळ लावून ही लय मोजावी. एक पूर्ण फेरी दहा सेकंदांची निघाली, तर शटर दहा सेकंदांहून थोडे जास्त उघडे ठेवावे, म्हणजे लकाकी हुकत नाही.

पुढची वाळू कोरडी असेल की पाण्याखाली, हे तिथीवरून कळते. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ऐन सूर्यास्ताला. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी बाराच्या आसपास, त्यामुळे सूर्यास्ताला ओहोटी. ओहोटीत ओली वाळू आरशासारखी चकाकते आणि आकाशाचा रंग जमिनीवरही उतरतो. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके लांब जाते, तितकेच वेगाने परत येते. खडकांवर गेलेल्याने परतीची वाट मोकळी आहे ना, हे अधूनमधून पाहत राहावे.

खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर क्षारांचा बारीक थर बसतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर काचेवर ओरखडे येतात. आधी हवा मारून कण उडवावेत, मग लेन्ससाठीच्या द्रवाने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावेत. दीपगृहाच्या आवारात जायचे असेल, तर भेटीची वेळ आधी विचारून घ्यावी. ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागते.

हा सगळा सराव समुद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या भडगावातही होऊ शकतो. गावच्या पाण्याच्या टाकीची उंची २० मीटर धरली, तर तिच्या पूर्वेला २,१६० मीटरवरच्या शेतातून ती सूर्यबिंबाएवढी दिसते. महिनाभर त्याच बांधावरून पाहिले, की मावळतीची जागा टाकीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकताना दिसते. फरक एवढाच, की खानदेशात उन्हाळ्यातला सूर्य बऱ्याचदा क्षितिजाला टेकण्याआधीच धुळीत विरतो. त्यामुळे सरावासाठी पावसानंतरचे, हवा धुऊन निघालेले ऑक्टोबरचे दिवस निवडावेत.