न्याय्य व्यापार चॉकलेट आणि चर्च

ज्या चॉकलेटमधील कोकोची खरेदी ठरवून दिलेल्या किमान भावापेक्षा कमी दराने होत नाही आणि ज्याच्या विक्रीतून उत्पादकांच्या संस्थेला भावाव्यतिरिक्त वेगळी रक्कम मिळते, अशा प्रमाणित चॉकलेटला न्याय्य व्यापार चॉकलेट किंवा फेअरट्रेड चॉकलेट म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात या चॉकलेटला पहिले ग्राहक मिळवून देण्यात ख्रिस्ती चर्च व चर्चशी संलग्न मदतसंस्था यांचा मोठा वाटा होता.

पार्श्वभूमी

जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. तेथील बहुतेक उत्पादक अल्पभूधारक आहेत. शेंगा फोडून काढलेल्या बिया आंबवून व वाळवून ते विकतात. मात्र त्यांचा भाव लंडन व न्यूयॉर्क येथील वायदेबाजारांतील चढउतारांवर अवलंबून असतो. गरिबी आणि बालमजुरी हे या पिकाचे जुने प्रश्न आहेत. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार थांबविण्यासाठी चॉकलेट उद्योगाने २००१ साली हार्किन–एंगल करारावर स्वाक्षरी केली.

चॉकलेट आणि धर्मश्रद्धा यांचा संबंध याहून जुना आहे. कॅडबरी, फ्राय व राउंट्री हे इंग्लंडमधील चॉकलेट उद्योग क्वेकर पंथीय कुटुंबांनी उभारले. साओ टोमे या पोर्तुगीज वसाहतीतील मळ्यांवर गुलामसदृश मजुरी चालत असल्याचे उघड झाल्यावर १९०९ साली कॅडबरीने तेथील कोको घेणे बंद केले.

चर्चचा सहभाग

जर्मनीतील गेपा ही न्याय्य व्यापार करणारी कंपनी १९७५ साली स्थापन झाली. मिझेरिओर ही कॅथलिक व ‘ब्रोट फ्यूर दी वेल्ट’ ही प्रोटेस्टंट मदतसंस्था तिच्या भागधारकांपैकी आहेत. ब्रिटनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या ट्रेडक्राफ्टचा माल स्वयंसेवक रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात मेज मांडून विकत असत. १९८८ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘मॅक्स हॅवेलार’ या पहिल्या न्याय्य व्यापार चिन्हाच्या प्रवर्तकांपैकी फ्रान्स व्हान डर हॉफ हे मेक्सिकोतील कॉफी उत्पादकांत काम करणारे धर्मगुरू होते.

१९९२ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या फेअरट्रेड फाउंडेशनच्या संस्थापकांत ख्रिश्चन एड, कॅफॉड व ट्रेडक्राफ्ट या ख्रिस्ती संस्था होत्या. १९९४ साली फेअरट्रेड चिन्ह मिळालेले ब्रिटनमधील पहिले उत्पादन चॉकलेटच होते; ‘माया गोल्ड’ नावाच्या त्या चॉकलेटचा कोको बेलिझ येथून येत असे. पुढे ‘फेअरट्रेड चर्च’ ही योजना आली. तिच्यात सहभागी चर्च उपासनेनंतरच्या चहापानासाठी प्रमाणित चहा-कॉफी वापरण्याचे आणि या व्यापाराचा प्रचार करण्याचे मान्य करते.

या प्रयत्नांचे महत्त्व बाजारपेठेच्या दृष्टीने आहे. मोठी दुकाने हा माल ठेवण्यास तयार नव्हती, त्या काळात चर्चमंडळींनी त्याला लहान परंतु नियमित गिऱ्हाईक मिळवून दिले.

भावाची पद्धत

न्याय्य व्यापाराचा किमान भाव ही कल्पना शेतमालाच्या हमीभावाशी मिळतीजुळती आहे. बाजारभाव किमान भावाखाली गेला तर खरेदीदाराला किमान भाव द्यावा लागतो. बाजारभाव वर असेल तर तोच द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून कोकोचा किमान भाव टनामागे २,००० डॉलरवरून २,४०० डॉलर, तर अधिमूल्य २०० डॉलरवरून २४० डॉलर करण्यात आले. अधिमूल्याची रक्कम उत्पादकांच्या संस्थेकडे जमा होते आणि तिचा विनियोग सभासद ठरवितात. विहिरी, शाळा, रोपवाटिका किंवा रोख बोनस यांसाठी ती वापरली जाते.

कुआपा कोकू

घानामधील कुआपा कोकू ही सहकारी संस्था १९९३ साली स्थापन झाली. नावाचा अर्थ ‘चांगला कोको शेतकरी’ असा आहे. खरेदी केंद्रांवर काट्यात होणारी फसवणूक हे तिच्या स्थापनेमागील एक कारण होते. त्यामुळे गावातील सभासदांनीच निवडलेला नोंदणीकार माल तोलू लागला. १९९८ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व पुढे ‘डिव्हाइन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चॉकलेट कंपनीत या संस्थेला मालकीचा वाटा मिळाला. ख्रिश्चन एडनेही या कंपनीला पाठबळ दिले.

मर्यादा

प्रमाणित संस्थेचा सर्व कोको न्याय्य व्यापाराच्या अटींवर विकला जातोच असे नाही. जेवढ्या मालाला तसा खरेदीदार मिळतो, तेवढ्यालाच किमान भाव व अधिमूल्य लागू होते; उरलेला माल साध्या बाजारात जातो. शासकीय हमीभावामागे सरकार असते, येथे मात्र सर्व काही खरेदीदाराच्या संमतीवर उभे आहे. ब्रिटनमध्ये कॅडबरी डेअरी मिल्कने २००९ साली, तर किटकॅटने २०१० साली हे चिन्ह स्वीकारले. पुढे कॅडबरी स्वतःच्या कोको लाइफ योजनेकडे वळली आणि २०२० साली किटकॅटनेही फेअरट्रेडची साथ सोडली. ट्रेडक्राफ्टचा व्यापारही २०२३ साली बंद पडला.

भावातील तेजीही शेतकऱ्यापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनामागे १२,००० डॉलरच्या वर गेला. परंतु घानामध्ये शेतकऱ्याला मिळणारा भाव सरकार ठरविते आणि पिकाचा बराच भाग आधीच विकलेला असतो.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात या चळवळीचा संबंध कोकोपेक्षा कापूस व शिवणकामाशी आला. नेदरलँड्समधील चर्चच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या इक्को व सॉलिडारिडाड या संस्थांच्या सहकार्याने २००४ साली सुरू झालेला ‘चेतना ऑर्गॅनिक’ हा उपक्रम विदर्भ, तेलंगणा व ओडिशा येथील कोरडवाहू कापूस उत्पादकांबरोबर काम करतो. मुंबईत अंधेरीच्या झोपडपट्टीतील स्त्रियांना शिवणकामातून रोजगार देणारी ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ ही संस्था १९८४ साली इसाबेल मार्टिन या स्पॅनिश मिशनरी स्त्रीने सुरू केली.

भावाचा हाच प्रश्न मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या हळद उत्पादकांपुढेही आहे. कापूस, सोयाबीन व तूर यांना केंद्राचा हमीभाव असतो, हळदीला तो नाही. शिजवून, वाळवून व पॉलिश करून आणलेल्या हळदीचा दर हिंगोली व वसमत येथील बाजार समित्यांच्या लिलावात ठरतो. २०२४ साली ‘वसमत हळद’ हिला भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन मालाचे मूळ व वैशिष्ट्य प्रमाणित करते. किमान भावाची हमी त्यात नसते.