सरकपट्टी : साधेपणा कुठे थांबावा?

(ठाणे येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका पट्टीबद्दल तासभर काय बोलणार? सांगतो. कॉम्प्युटरवर कुठलंही लांब पान उघडलं की खिडकीच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी असते. तिला स्क्रोलबार म्हणतात. मी आज तिला सरकपट्टी म्हणणार आहे. गेल्या पंधराएक वर्षांत ही पट्टी बारीक होत गेली, तिच्या टोकांचे बाण गेले, आणि आता पुष्कळ ठिकाणी ती दिसतच नाही. पान हलवलं की क्षणभर उगवते आणि मावळते. याला सुलभीकरण म्हणतात. माझा प्रश्न असा की यात नेमकं काय सोपं झालं, आणि कोणासाठी?

लाघव म्हणजे काय

साधेपणाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. त्याला शास्त्रांत ‘लाघव’ म्हणतात. दोन स्पष्टीकरणं सारखंच काम करत असतील, तर ज्यात कमी गृहीत धरावं लागतं ते स्वीकारायचं. व्याकरणकारांबद्दल तर म्हणतातच की अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना मुलगा झाल्याचा आनंद होतो. पण एक अट विसरू नका. पाणिनीने मात्रा वाचवली, अर्थ वाचवला नाही. म्हणजे अर्थाला कात्री लावली नाही. सूत्र लहान झालं तरी त्यातून जे कळायला हवं ते सगळं कळतं. जे कळत होतं तेच कळेनासं झालं, तर ते लाघव नव्हे, ती नुसती काटछाट.

ही अट मनात ठेवून आता पट्टीकडे बघू.

एका पट्टीत किती गोष्टी?

जुनी पट्टी डोळ्यांसमोर आणा. वर एक बाण, खाली एक बाण, मध्ये सरकणारा ठोकळा आणि ठोकळ्याच्या वर-खाली मोकळी वाट. बाण दाबला की एखाददुसरी ओळ सरकते. मोकळ्या वाटेवर क्लिक केलं की साधारण एक पडदाभर मजकूर सरकतो. ठोकळा धरून ओढला की हवं तिथे उडी. ही झाली तीन साधनं.

पण तीच पट्टी काहीही न करता तीन गोष्टी सांगतही असते. एक, इथे दिसतंय त्यापलीकडे आणखी काही आहे. दोन, ते साधारण किती आहे. तीन, त्यात तुम्ही कुठे आहात. या झाल्या तीन खुणा.

आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून. तिथून जाडजूड कादंबरी घरी आणली की किती वाचून झाली हे कोणाला विचारावं लागत नाही. डाव्या हातातली जाडी वाढते, उजव्या हातातली कमी होते. पडद्याला ही जाडीच नाही. पाच ओळींचं पत्र आणि पाचशे पानांचा ग्रंथ, दोन्ही एकाच काचेमागे. पुस्तकाची हरवलेली जाडी त्या पट्टीने आपल्याला परत दिली होती.

ती एका दिवसात नाही मिळाली. 1984 च्या मॅकिंटॉशवर ठोकळा ठरावीक मापाचा चौकोन होता. तुम्ही कुठे आहात हे तो सांगायचा, उरलेलं किती ते नाही. पण एक गोष्ट तिथे होती : पान खिडकीत मावत असलं तरी पट्टीची जागा राहायची, फक्त ती कोरी, पांढरी दिसायची. पुढे काही असलं की करडी. 1995 च्या विंडोज 95 मध्ये ठोकळ्याचं माप मजकुराच्या प्रमाणात बदलू लागलं. अर्धं पान दिसत असेल तर ठोकळा अर्ध्या वाटेएवढा, शंभरावा भाग दिसत असेल तर चिमुकला. मॅकवर ही सोय 1998 मध्ये, मॅक ओएस 8.5 बरोबर आली. माझ्या मते या पट्टीच्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची सुधारणा. एकही नवा भाग न वाढवता तिने एक नवी गोष्ट सांगितली. खरं लाघव ते.

बाण गेले, ते योग्यच

1996 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलीमाउसबरोबर चाक असलेला माउस घरोघर पोचू लागला. पुढे लॅपटॉपवर दोन बोटांनी पान सरकवता येऊ लागलं. मग ओळीओळीने सरकण्यासाठी त्या इवल्या बाणांवर नेम धरण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. साधनाला पर्याय मिळाला, साधन गेलं. माझी काही तक्रार नाही.

शिवाय त्या बाणांत एक जुना घोळ होता. खालचा बाण दाबला की मजकूर वर जातो. मग बाण कोणाची दिशा दाखवतो, कागदाची की बघणाऱ्याची? डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्यांना हे रोज दिसतं. फलाटावर शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं की आपलीच सुटली. आर्यभटाने इ.स. 499 च्या ‘आर्यभटीया’त नावेचा दृष्टांत दिला आहे : नाव पुढे जाते, बसलेल्याला काठावरच्या गोष्टी मागे जाताना दिसतात. गती तीच, पाहणारा कुठे आहे यावर तिचं वर्णन ठरतं. जुन्या पट्टीत आपण खिडकी हलवत होतो. फोनवर बोटाने आपण कागदच हलवतो. म्हणून ॲपलने 2011 मध्ये मॅकवरही दिशा उलटी केली आणि तिला ‘नॅचरल’ म्हटलं. नैसर्गिक दोन्हीही आहेत, फक्त सवय बदलते. सवय बदलणं त्रासाचं असलं तरी त्यात ज्ञान काही हरवत नाही.

पट्टी लपली, तेव्हा काय हरवलं?

हरवतं ते पुढच्या पायरीवर. 2007 मध्ये आयफोन आला. पडदा तळहाताएवढा, तिथे पट्टीला जागा देणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती हालचाल होताना दिसणारी एक पुसट रेघ झाली. ते समजण्यासारखं आहे. पण 2011 मध्ये मॅक ओएस एक्स लायनने हीच रीत भल्यामोठ्या पडद्यावर आणली. त्याच वर्षी उबुंटूनेही पट्टी लपवली. पुढे विंडोज 10 मध्ये आणि अनेक ब्राउझरांत तेच आलं. फोनची अडचण डेस्कटॉपची फॅशन झाली.

आता मी माझ्या विषयाकडे वळतो. आपल्या दर्शनांत एक सुंदर प्रश्न आहे : समोर जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? नसलेली वस्तू तर डोळ्याला दिसत नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती म्हणाले, यासाठी एक वेगळं प्रमाण मानावं लागेल : अनुपलब्धी. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण नको, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. वाद मोठा आहे. पण एका अटीवर दोघेही ठाम आहेत. न दिसणं हे ज्ञान केव्हा ठरतं? ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. हिला योग्यता म्हणतात. भर उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही हे कळलं. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही, तर काहीच कळलं नाही.

पट्टीला हे लावून बघा. पूर्वी पुढे मजकूर असला की ठोकळा दिसायचाच. म्हणून तो नसणं हीसुद्धा माहिती होती : पान संपलं, निर्धास्त व्हा. आता पुढे मजकूर असो वा नसो, पट्टी तशीही दिसत नाही. तिच्या नसण्याचा अर्थच गेला. दिवा मालवून ‘खोली किती स्वच्छ दिसते’ म्हणावं, तसं हे सुलभीकरण आहे.

मर्यादेची मुद्रा

स्क्रोल या शब्दाचा अर्थच गुंडाळी. आपल्याकडेही लांब कागद जोडून, गुंडाळून ठेवत. ‘पुढे आणखी आहे का’ या प्रश्नाची गंभीरता आपल्या जुन्या दफ्तरांना चांगली ठाऊक होती. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रं पाहा. मजकूर संपला की शेवटी मर्यादेची मुद्रा, मोर्तब. लेखनाची सीमा इथे. तिच्या खाली कोणी ओळ घुसडली तर ती लबाडी. कागदाला कागद जोडला असेल, तर त्या जोडावरही शिक्का. कारकुनाला ही हौस नव्हती. कागदावर वतन ठरत होतं, जमीन ठरत होती. मजकूर कुठे संपतो हे नक्की नसेल, तर कागदावर विश्वास कशाचा?

आज आपले कागद पडद्यावर आहेत. परवाच एका ओळखीच्या बाईंनी लॅपटॉपवर एक अर्ज भरला. नाव सांगत नाही, सत्तरीच्या आहेत, डोंबिवलीत राहतात. शेवटची चौकट भरली, खाली छान पांढरी जागा दिसली. त्यांना वाटलं, झालं. खिडकी बंद केली. ‘सादर करा’चं बटण त्या पांढऱ्या जागेच्या खाली होतं. पडद्याची कड नेमकी दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या भागावर आली होती. मी याला फसवा तळ म्हणतो. विहिरीत तळ दिसतोय असं वाटावं आणि तो तळ नसावा. अर्ज गेला नाही. त्या म्हणाल्या, “मला कॉम्प्युटर जमत नाही.” मला वाईट वाटलं ते या वाक्याचं. त्यांचं अनुमान जुन्या खुणेप्रमाणे अगदी बरोबर होतं. खूण काढून घेतली दुसऱ्या कोणी, आणि दोष घेतला यांनी.

याहून गंभीर गोष्ट संमतीची. अटींचा मजकूर एका छोट्या चौकटीत असतो, पाच ओळी दिसतात, खाली ‘मी वाचले व मान्य आहे’. चौकटीत पट्टी दिसत नसेल, तर पाचच ओळी आहेत असं समजून कोणी टिचकी मारली तर? 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा म्हणतो की संमती मोकळी आणि माहितीवर आधारलेली हवी. आणखी माहिती आहे हेच जिथे कळत नाही, तिथे ती संमती कसली?

हात आणि डोळे

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये दाखवलं की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त लागतो. बारीक केलेल्या पट्टीवर तरुण हातही चुकतो, मग थरथरणाऱ्या हाताचं काय? त्यात विंडोजमध्ये ठोकळा ओढताना माउस फार बाजूला गेला, तर ठोकळा उडी मारून मूळ जागी परत जातो.

दुसरी गोष्ट, ठोकळ्याचीही मर्यादा असते. पट्टी 800 ठिपक्यांची आणि मजकूर एक लाख ओळींचा असेल, तर एका ठिपक्यामागे 125 ओळी. इथे ठोकळ्याने नेमकी ओळ गाठता येत नाही, शोधाची किंवा पान-क्रमांकाची सोय हवीच. आणि ज्या पानांना शेवटच नसतो, खाली जावं तसा नवा मजकूर येतच राहतो, तिथे पट्टी दाखवली तरी ती खोटं बोलते. तुम्ही तळाशी पोचता, ठोकळा झटकन वर सरकतो. मारुतीच्या शेपटीचं माप घ्यायचं कसं?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पट्टी साधी करा, जरूर करा. साधनं कमी करायची असतील तर दुसरं साधन हातात आहे ना ते बघा. खूण काढायची असेल तर विचारा : ही गोष्ट वाचणाऱ्याला आता दुसरं कोण सांगणार? उत्तर ‘कोणी नाही’ असेल, तर हात लावू नका. पट्टीला फार जागाही लागत नाही. न हलता दिसणारी, पार्श्वभूमीहून वेगळी, प्रमाणात ठोकळा असलेली पट्टी पुरे. पकडायला गेलं की रुंद झाली तर उत्तमच. आणि पान जिथे संपतं तिथे ते संपलं असं दिसू द्या.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : सर, नव्या पिढीला पट्टी लागतच नाही. ती आपोआप सरकवून बघते. मग ही ज्येष्ठांचीच अडचण नाही का?*

सरकवून बघते, म्हणजे प्रत्येक पानावर अंधारात हात फिरवून घडा चाचपते. सवयीने ते जाणवत नाही, एवढंच. शिवाय चाचपण्यासाठी आधी शंका यावी लागते. फसव्या तळावर शंकाच येत नाही, आणि तिथे तरुणही फसतात.

*प्रश्न : आम्ही घरी काय करावं?*

हे महत्त्वाचं. विंडोज 11 मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘ॲक्सेसिबिलिटी’, मग ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ उघडा आणि ‘ऑलवेज शो स्क्रोलबार्स’ चालू करा. मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘अपिअरन्स’ उघडा, तिथे ‘शो स्क्रोल बार्स’समोर ‘ऑलवेज’ निवडा. प्रत्येक प्रोग्रॅम हे ऐकेलच असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी पट्टी परत येईल. आणि पट्टी दिसत नसेल तिथे अर्ज बंद करण्याआधी कीबोर्डवरचं ‘एंड’ हे बटण एकदा दाबा. आधी रिकाम्या जागेवर एक क्लिक करा, म्हणजे बटण त्या पानालाच लागू होईल. खाली काही असेल तर समोर येईल. आज घरी गेल्यावर आपल्या आई-वडिलांच्या, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर एवढं करून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.