घाटातला लाल दिवा

"इतकं पातळ? अहो, हे ऑइल आहे की निरसं दूध?"

गाडीसाठी आणलेला डबा हाती देताच आमच्या मिस्त्रीने केलेला हा प्रश्न. मी ओशाळलो. आम्ही पडलो मलकापूरची माणसे. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांना टेकतो. असल्या भट्टीत पातळ ऑइल कसचे टिकते? गाडीच्या पुस्तकात '५डब्ल्यू-३०' असे लिहिले होते खरे; पण ते लिहिणाऱ्याने मलकापूरचा उन्हाळा थोडाच पाहिला असणार! मी मुकाट्याने डबा परत केला आणि '२०डब्ल्यू-५०' हे घट्ट ऑइल ओतवून घेतले. एकदा घट्ट ऑइल घातले की वर्षभर बघायला नको, अशी माझी समजूत. त्यानंतर बॉनेट उघडले ते काच धुवायचे पाणी घालण्यापुरतेच.

पुढच्या मे महिन्यात आईला दाखवायला बुलढाण्याला निघालो. मोताळा मागे पडले, राजूर घाटाची चढण लागली आणि एका वळणावर समोर तांबडा दिवा पेटला. ऑइलच्या बुधलीचे चित्र! मी म्हटले, "एवढा घाट चढू, मग बघू." सौ. म्हणाली, "आधी गाडी थांबवा." मी थांबवली. आयुष्यात तिचे ऐकल्याचे इतके समाधान मला क्वचितच झाले असेल.

एक ट्रकवाला आपणहून थांबला. पट्टी ओढून पाहिली, तर फक्त टोक ओले. "काकाजी, हा दिवा लागला का गाडी हाकायची नाही. चावी फिरवायची अन् उतरायचं." ऑइलचा दाब नाहीसा झाला की बेअरिंग कोरडे पडतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. भाचा बुलढाण्याहून डबा घेऊन येईपर्यंत म्हातारी आई निंबाच्या सावलीत पदराने वारा घेत बसली होती. डॉक्टरांची वेळ अर्थातच चुकली.

बुलढाण्याच्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून पाहिले. ऑइल सोडायच्या बोल्टचा वायसर झिजला होता. थेंबथेंब गळत होते. "पण ऑइल तर घट्ट होतं!" मी म्हणालो. तो हसला. "घट्ट असलं तरी गळतंच की हो!"

मग त्याने मला शिकवले ते असे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा. तो जितका लहान, तितके ऑइल सकाळी लवकर वरपर्यंत पोचते. मागचा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. गंमत अशी, की थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांच्यामुळे तापलेल्या इंजिनातले ऑइल साधारण त्याच उष्णतेच्या आसपास असते, मग बाहेर मलकापूरचा मे असो की बुलढाण्याचा डिसेंबर! माझ्या उन्हाळ्याचा अभिमान तिथेच वितळला. नव्या इंजिनांतल्या फटी बारीक. काहींत व्हॉल्व्हच्या वेळाही ऑइलच्याच दाबाने बदलतात. तिथे घट्ट ऑइल अडखळते, पेट्रोलही जास्त खाते. याउलट जुन्या अँबॅसेडरमध्ये आजचे पातळ ऑइल घालणे तितकेच वेडेपणाचे. म्हणून पुस्तक!

डब्यावर आणखी दोन अक्षरे असतात. पेट्रोल गाडीसाठी पहिले 'एस'. दुसरे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा. 'एसपी' हा २०२० पासूनचा. मोटारसायकलचे ऑइल मात्र वेगळे बरं का! तिथे बहुधा क्लचही त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलने तो घसरू लागतो. आमच्या चिरंजीवांनी हाही प्रयोग करून पाहिला आहे. तो खर्च मी इथे सांगत नाही.

आणि गाडी नुसती बाजारापर्यंत फिरते म्हणून ऑइल नवे राहते, असेही नाही. थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही. पाण्याचा अंश आणि पेट्रोल ऑइलात उतरते. तेव्हा किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते धरायचे. काळे दिसले म्हणजे खराब झाले, असेही नव्हे. मळ धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

आता घरात धोतराचा एक जुना तुकडा खास पट्टी पुसायला ठेवला आहे. रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी थंड उभी असताना, मी बॉनेट उघडतो. स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज येतो, "दोन खुणांच्या मधे आहे ना?"

"आहे," मी म्हणतो. मग ती चहा ठेवते.