चिपडे थांबत नाहीत? लासरू तर नाही ना!

डोळे आले, तर ते बहुधा आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. पण सकाळी पापण्या चिकटणे, कोपऱ्यात चिपडे साचणे, दिवसभर पदराने डोळा टिपणे हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर ते डोळे येणे नव्हे. त्यातून त्रास एकाच डोळ्याला असेल, तर पहिली शंका लासरूची घ्यावी.

डोळ्यातले पाणी पापण्यांच्या आतल्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांतून नाकालगतच्या अश्रुपिशवीत जाते व तेथून नळीने नाकात उतरते. (रडताना नाक गळते ते यामुळेच.) ही नळी बुजली की पाणी पिशवीत तुंबते, जंतू वाढतात, पू होतो. डॉक्टर पिशवीवर बोटाने दाबतात, तेव्हा हा पू छिद्रातून वर येतो. चाळिशी उलटलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक. थेंब घातल्याने चार दिवस बरे वाटते, पण नळी काही उघडत नाही.

जुने लासरू सहसा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. आपल्याकडे माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी, मळणी चालते. कुसळ उडून किंवा पात लागून बुबुळाला ओरखडा गेला, की हा पू जखमेत शिरतो. व्रण होतो, फूल पडते, प्रसंगी दृष्टीही जाते.

मोतीबिंदूच्या शिबिरातून आजीबाईंना ‘आधी लासरूचे ऑपरेशन करा’ म्हणून परत पाठवले, की घरची मंडळी रागावतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की पू असताना डोळा उघडला तर जंतू आत जाऊन डोळाच निकामी होऊ शकतो. नळीत पाणी सोडून तपासणी होते. पिशवीतून नाकात नवी वाट करून देणारे डी.सी.आर. ऑपरेशन हा यावरचा खरा इलाज.

तान्ह्या बाळाची नळी कधी कधी जन्मतः बंद असते. डॉक्टरांकडून शिकून हलका मसाज करावा. बहुतेकांची वर्षभरात उघडते. काजळ मात्र घालूच नये, मग सासूबाई काहीही म्हणोत! पहिल्या महिन्यातच डोळे सुजून पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दोन्ही डोळ्यांत चिपडे असतील तर कारणे वेगळी. पापण्यांच्या कडांना कोंडा, ॲलर्जीची खाज, डोळ्यांचा कोरडेपणा. यंत्रमागावरची सुताची व विड्या वळताना उडणारी तंबाखूची धूळ त्यात भर घालते. जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या खुपऱ्या आता मागे पडल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली भारतातील सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले.

मेडिकलमधून मनाने आणलेल्या थेंबांत स्टिरॉईड असू शकते. ते दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू होण्याचा धोका असतो. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात नेत्रविभाग आहे, तेथे दाखवावे. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर मात्र बाजारच्या दिवसाची वाट पाहू नये.